सोनोग्राफीत बाळाची किडनी फुगलेली सांगितली तर काय करायचं

आमचं गाव आर्णी तालुक्यात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, बाळाची डावी किडनी जराशी फुगलेली दिसते, 8 मिलीमीटर, बाळ झाल्यावर पुन्हा पाहू. घरी आल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "गिरणात काही चिरलं-कापलं होतं का वं?" मी ती रात्र आठवण्यातच काढली.

म्हणून आधी हेच सांगते. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. गर्भाच्या पाचव्या आठवड्यापासून किडनी घडायला लागते. त्या घडण्यात कुठे नळी अरुंद राहते, कुठे लघवी उलटी चढते, कुठे एकच किडनी तयार होते. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, काही घराण्यांत ते रक्तातून येतं. हातातली गोष्ट एकच. बीपीची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना दाखवा. एनालाप्रिल, लोसार्टन अशा गोळ्या बाळाच्या किडनीला बाधतात. मनानं बंद करू नका, बदलून घ्या.

सोनोग्राफीचा कागद घेऊन तसंच घरी येऊ नका. तिथेच चार गोष्टी विचारा: किती मिलीमीटर, एका बाजूला की दोन्ही, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं आहे का, आणि बाळाची लघवीची पिशवी जाड दिसते का. पोटातलं बाळ लघवी करतं, त्याचंच ते पाणी असतं, म्हणून पाणी कमी म्हणजे धोक्याची खूण. एका बाजूची थोडी सूज पुष्कळ बाळांची आपोआप उतरते. दोन्ही बाजू फुगलेल्या, पिशवी जाड आणि पाणी कमी असेल, तर मात्र बाळंतपण गावात किंवा तालुक्याला करायचं नाही. बाळ मुलगा असेल तर त्याच्या लघवीच्या वाटेत जन्मतः पडदा असू शकतो आणि तो लगेच काढावा लागतो. मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत विचारायचं नाही, सांगणं गुन्हा आहे. नवजात बाळाचे सर्जन असलेलं मोठं रुग्णालय ठरवून ठेवा, एवढं पुरे.

आता आमचं जिथे चुकलं ते सांगते. पोळ्याच्या आठवड्यात लेकरू झालं. पहिल्याच दिवशी सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. आम्ही पेढे वाटले. पुढे कळलं की पहिले दोन दिवस बाळाच्या अंगात पाणीच कमी असतं, लघवी थोडी होते आणि सूज लपून जाते. म्हणून पहिली तपासणी 48 तासांनंतर करायची, आणि ती चांगली आली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. पडद्याची शंका असेल तर मात्र थांबत नाहीत. आमची सहा आठवड्यांची तारीख सोयाबीनची सोंगणी आणि कापसाच्या पहिल्या वेच्यात आली. लेकरू हसत होतं, दूध पीत होतं. मजूर मिळत नव्हते. राहून गेलं.

चौथ्या महिन्यात ताप आला, 103 पर्यंत. एका दवाखान्यात दात येत असतील म्हणाले आणि अँटिबायोटिकचं औषध दिलं. ताप उतरला. वीस दिवसांनी तेच, पुन्हा तेच औषध. तिसऱ्या वेळी आमच्या आशाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, सर्दी नाही, खोकला नाही, मंग ताप काहून येऊन राह्यला? लघवी तपासा." त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

तान्ह्या बाळाला कारण न सापडणारा ताप आला, तर अँटिबायोटिकचा पहिला चमचा देण्याआधी लघवी कल्चरला, म्हणजे जंतू शोधायच्या तपासणीला, गेली पाहिजे. औषध आधी पोटात गेलं की जंतू सापडत नाही. मात्र बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर घरी लघवीची वाट पाहत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. लघवी धरायची रीत अशी: लॅबमधून बंद निर्जंतुक डबी आणा. बाळाला दूध पाजा, शी-शूची जागा साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. एकानं बाळाला धरायचं, दुसऱ्यानं ओटीपोटावर गार ओल्या कापसानं हळूहळू फिरवत राहायचं. पुष्कळदा काही मिनिटांत लघवी होते. पहिली थोडी सोडून मधली धार डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही. तासाभरात लॅबला पोचणार नसेल तर डबी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा. आम्ही रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला होता. चिकटवायच्या पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, कल्चरला ती चालत नाही.

लघवीत जंतू निघाले, म्हणून पुढे नागपूरला एमसीयू नावाची तपासणी झाली. बारीक नळीनं बाळाच्या लघवीच्या पिशवीत औषध भरतात आणि बाळ लघवी करताना एक्स-रे काढतात. बाळ रडतं, पण ते थोड्या वेळाचं असतं. लघवी उलटी किडनीत चढत होती, पाचपैकी चौथ्या दर्जाची. काही महिन्यांनी डीएमएसए स्कॅन, म्हणजे किडनीवरचे डाग दाखवणारी तपासणी, झाला, त्यात डाव्या किडनीवर डाग दिसला. तो डाग त्या तापांचा. तो पुसला जात नाही.

रोज रात्री थोड्या मात्रेचं औषध सुरू झालं, आणि तिसऱ्या वर्षी ऑपरेशन. ते महात्मा फुले योजनेत बसलं. आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, खिशातून पैसे भरण्याआधी विचारा. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर सरकारी रुग्णालयात उपचार मोफत असतात.

घरी पाहायच्या गोष्टी. मुलाची धार लांब, कमानीसारखी पडायला हवी. लंगोट ओला होतो म्हणजे लघवी चांगली होते असं नाही, उघडं ठेवून डोळ्यांनी बघा. थेंब थेंब होत असेल, कुंथून होत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. आमच्याकडे पोट फुगलं की डागायला नेतात. पोटात गाठ लागली तर ती फुगलेली किडनी असू शकते, डागण्यानं बाळ होरपळतं आणि वेळही जातो. मोठ्या लेकराला शाळेत दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवायला मास्तरांना सांगा. शौचाला खडा होऊ देऊ नका, भरलेलं पोट पिशवीला दाबतं. मे महिन्यात 45 अंशांत पाण्याची बाटली सोबतच असू द्या. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि उंची-वजन तपासून घ्या.

पाठची मुलगी झाली तेव्हा तिचीही सोनोग्राफी करून घेतली. उलटी लघवी चढणाऱ्या लेकरांच्या भावंडांत साधारण चारातल्या एकाला तोच त्रास सापडतो.

सगळे कागद, सीडी आणि एक्स-रे मी खताच्या रिकाम्या पोत्यात घालून खुंटीला टांगते. पाण्यापावसात आणि एसटीत ते टिकतं. पुढची तारीख घेताना आता आधीच सांगते, साहेब, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमची वेचणी असते. ते पंधरा दिवस मागेपुढे करून देतात.