विंडोज ११वर जाताय? या चुका आधी टाळा

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतरही कॉम्प्युटर चालू होतो, टॅली उघडतं, यूट्यूब दिसतं, म्हणून घरात कोणाला घाई वाटत नाही. पण सुरक्षेचे नेहमीचे पॅच बंद झालेत, आणि त्याच मशीनवरून आपण नेटबँकिंग करतो, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतो. त्यामुळे आज ना उद्या हे काम करावंच लागणार. अपग्रेडचं बटण दाबायला अक्कल लागत नाही. घोळ होतो तो बटण दाबण्याआधी, आणि कॉम्प्युटरइतकाच त्याला जोडलेल्या वस्तूंमुळे.

लाल फुली दिसली की मशीन भंगारात काढणं

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट ॲप तुमचं मशीन विंडोज ११ला चालेल की नाही ते सांगतं. 'टीपीएम २.० नाही' (टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) असं त्यात आलं की माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन नव्या मदरबोर्डचे भाव विचारू लागतो. थांबा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच असेंबल्ड पीसींमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू करून पुन्हा तपासा.

प्रोसेसरच जुना असेल तर मात्र इलाज नाही. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. आय-५ ७४०० म्हणजे सातवी पिढी, आय-५ ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. रायझनमध्ये २००० मालिकेपासून पुढे, त्यातलेही काही वगळून. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत) बदल करून जबरदस्तीने विंडोज ११ चढवायचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. खेळण्यापुरता पीसी असेल तर करा. ज्यावर घरचे हिशेब आहेत, त्यावर नको. घरगुती वापरासाठी विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाले आहेत, ते घ्या. आणि फक्त ब्राउझर आणि पत्रं टाइप करण्याएवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघायला हरकत नाही.

बायोसमध्ये एका दमात सगळं बदलणं

सगळ्यात जास्त रडारड इथे होते. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू करायला गेलं की तो पर्याय फिका दिसतो, निवडताच येत नाही. कोणीतरी सांगतं, आधी सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारी सोय) बंद कर. ते बंद करून सेव्ह केलं की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा निरोप येतो, किंवा मशीन गोल फिरून पुन्हा बायोसमध्येच येतं. डेटा गेला असं वाटून लोक तिथेच फॉरमॅटचा निर्णय घेतात. गेलेलं काहीच नसतं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आहे आणि नुसत्या यूईएफआयला, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीला, तिच्यावरून विंडोज सुरू करता येत नाही, एवढंच झालेलं असतं. सीएसएम पुन्हा चालू करा, विंडोज जसंच्या तसं उघडेल.

हे काम बायोसपासून नाही, विंडोजपासून सुरू करायचं. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा आणि 'बायोस मोड' या ओळीपुढे काय लिहिलंय ते वाचा. 'यूईएफआय' असेल तर चिंता नाही. 'लेगसी' असेल तर आधी डिस्क जीपीटी या विभागणीच्या नव्या पद्धतीत आणावी लागेल. त्यासाठीचं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल विंडोज १०मध्येच दिलेलं आहे. ते डिस्क न पुसता रूपांतर करतं. आधी त्याला नुसतं तपासायला सांगा, होकार आला तरच रूपांतर करा, आणि मगच बायोसमध्ये जाऊन मोड बदला. आत गेल्यावर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढत चला. परतीची वाट शोधावी लागते तेव्हा तो फोटोच उपयोगी पडतो.

लॅपटॉपवर आणखी एक सापळा आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) कंपनीतूनच चालू असतं आणि घरात कोणाला पत्ता नसतो. टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावला की निळ्या पडद्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं हे कुलूप, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. पण कोणाच्या अकाउंटमध्ये? लॅपटॉप घेताना ज्या भाच्याने सेटअप करून दिला त्याच्या, आणि भाचा आता बंगळुरूला. त्यामुळे आधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, ती रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा, आणि बायोसमध्ये शिरण्यापूर्वी एन्क्रिप्शन बंद तरी करा किंवा तात्पुरतं थांबवा.

'डी ड्राइव्हवर कॉपी केलंय' याला बॅकअप म्हणणं

सी आणि डी या बहुतेक घरांत एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

प्रिंटर, टोकन आणि फॉन्ट विसरणं

पंधरा वर्षं इमानेइतबारे चाललेल्या लेझर प्रिंटरचा विंडोज ११साठी ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का, हे प्रिंटर कंपनीच्या साइटवर आधी बघा. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचाही ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तो शोधत बसणं म्हणजे स्वतःचे हाल.

फॉन्टचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचे मजकूर, आजोबांनी टाइप करून घेतलेली वंशावळ, यातलं बरंचसं युनिकोड येण्याआधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. चालू विंडोजवरूनच अपग्रेड केलंत तर फॉन्ट जागेवर राहतात. कोरं इन्स्टॉलेशन केलंत तर ते जातात, आणि फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट परत टाकला की मजकूर परत येतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्ट बॅकअपमध्ये वेगळे कॉपी करून ठेवा. मूळ सीडी आता घरात सापडत नाही, आणि सापडली तरी ती घालायला ड्राइव्ह नसतो.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरच अपग्रेड करणं

अटींमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लिहिलेली आहे. ती कागदावर ठीक. प्रत्यक्षात ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) नसेल तर विंडोज ११ चालेल, पण तुमचा जीव काढेल. आधी जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन करा (जशीच्या तशी उतरवा), मशीन नीट चालतंय याची खात्री करा, मग अपग्रेड.

मधेच पॉवरचं बटण दाबणं

टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ अडकते, मशीन दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. मुंबईत वीज फारशी जात नाही, म्हणून अनेक घरांत यूपीएसच नसतो. पण १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी जवळजवळ अख्खी मुंबई अंधारात गेली होती. डेस्कटॉप असेल तर शेजाऱ्याचा यूपीएस दोन तास मागून आणा. धो धो पावसात, विजा चमकत असताना तर सुरूच करू नका.

अपग्रेडनंतर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरण्याआधी वनड्राइव्हचं फोल्डर उघडा. सेटअपमध्ये न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिकडे हलवले जाऊ शकतात, आणि तिथली फुकट जागा फक्त ५ जीबी असते.

आणि जुनं विंडोज परत हवं असेल तर मुदत १० दिवसांची आहे. तोपर्यंत डिस्क क्लीनअप चालवून 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर उडवू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक पान छापा, टोकन लावून सही करून बघा, टॅलीतून एक बिल काढा, एक जुनी मराठी फाइल उघडा. यातलं काही अडलं आणि तोडगा सापडला नाही, तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' आहे. अकराव्या दिवशी तो पर्याय तिथे नसेल.