यूएसबी हार्ड डिस्क घरभर शेअर करताना
जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, नेटवर्कवरून फोल्डर शेअर करणारं सांबा बसवलं, तरी टीव्हीवर फोल्डर उघडत नाही? मग बहुतेक जण सांबाच्या सेटिंग उकरत बसतात. घोळ बऱ्याचदा माउंटचा, म्हणजे डिस्क कोणत्या फोल्डरात जोडली जाते त्याचा असतो. उबुंटूत डेस्कटॉपने आपोआप जोडलेली डिस्क ‘मीडिया’ फोल्डरात तुमच्या नावाखाली येते आणि तिथे दुसऱ्या युझरला शिरकाव नसतो.

त्यापेक्षा कोणती डिस्क कुठे जोडायची हे ठरवणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये ओळ टाकून डिस्कला कायमची जागा द्या. लिनक्सने डिस्कला दिलेलं ‘एसडीबी१’सारखं नाव नको, ते बदलू शकतं, बीएलकेआयडी कमांडने मिळणारा यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक वापरा. आणि ‘नोफेल’ हा पर्याय टाकाच. नाहीतर डिस्क काढलेली असताना मशीन सुरू होताना दीड मिनिट ताटकळतं आणि शेवटी नेहमीसारखं सुरू न होता इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. टीव्हीमागे ठेवलेल्या, स्क्रीन नसलेल्या मशीनचं असं झालं की नुसता वैताग.

डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची असेल तर नंतर परवानग्या बदलणारी सीएचमॉड कमांड मारून भागत नाही. मालक आणि परवानग्या एफएसटॅबच्या त्याच ओळीत यूआयडी (युझरचा क्रमांक), जीआयडी (ग्रुपचा क्रमांक), यूमास्क (कोणत्या परवानग्या काढायच्या) लिहून ठरवायच्या. सांबाचा पासवर्डही लॉगिनपेक्षा वेगळा असतो. तो एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने द्या.