उत्पादन आणि ग्राहकसेवा दोन्ही सुधारणारं सॉफ्टवेअर कसं निवडावं

कारखान्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की पहिला फोन सॉफ्टवेअर विकणाऱ्याला जातो. तो फोन थोडा लांबवा. आधी उशिरा गेलेल्या अलीकडच्या दहा ऑर्डरी काढा आणि प्रत्येकीचा माग घ्या. तारीख कोणी कबूल केली आणि कशाच्या आधारावर? कच्चा माल कधी मागवला, कधी आला? जॉब कार्ड, म्हणजे कामगाराला दिलेला कामाचा कागद, कधी निघालं? कोणत्या मशीनपुढे माल किती दिवस पडून राहिला? तपासणीत किती नग नापास झाले? आणि उशीर होणार हे ग्राहकाला कधी कळवलं? वही, एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, जिथे नोंद सापडेल तिथून माहिती घ्या.

हे काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. बहुतेक कारखान्यांत यातून एकच गोष्ट पुढे येते: माल मशीनवर काही तासच असतो आणि उरलेले दिवस कशाची तरी वाट बघत पडून असतो. कधी एका बोल्टसाठी, कधी सेटिंगसाठी, कधी कोणाच्या तरी सहीसाठी. उशीर झाल्याचं कळणारा शेवटचा माणूस मात्र ग्राहक असतो.

उत्पादन आणि ग्राहकसेवा यांना जोडणारा धागा म्हणजे कबूल केलेली तारीख. म्हणून निवडीची एक कसोटी मी सगळ्यांत वर ठेवेन. ग्राहकाशी बोलणाऱ्या माणसाला फोन चालू असतानाच, कोणालाही न विचारता, खरी तारीख सांगता येईल का? बाकीच्या सोयी या प्रश्नाच्या मागे.

आपलं उत्पादन कोणत्या प्रकारचं?

माल आधी बनवून साठवता, ऑर्डर आल्यावर बनवता, की ऑर्डर आल्यावर डिझाइनपासूनच सुरुवात करता? पहिल्या प्रकारात मागणीचा अंदाज आणि तयार मालाचा साठा महत्त्वाचा. दुसऱ्यात मशीनची क्षमता आणि वेळापत्रक. तिसऱ्यात कोटेशन, ड्रॉइंगच्या बदलत्या आवृत्त्या आणि प्रत्येक कामाचा वेगळा हिशोब.

दुसरा फरकही बघा. सुटे भाग जोडून वस्तू बनत असेल, तर बीओएम, म्हणजे कोणत्या वस्तूला कोणते भाग किती लागतात त्याची यादी, हा पाया असतो. रंग, औषधं, खाद्यपदार्थ किंवा रसायनं बनत असतील, तर फॉर्म्युला, बॅच, उतारा (घातलेल्या कच्च्या मालातून किती तयार माल निघाला) आणि मुदत संपण्याची तारीख लागते. एकासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे ओढूनताणून बसवता येतं, पण तो त्रास कायमचा मागे लागतो. इथेच निम्मी नावं यादीतून गळतील.

नोंदी आधी, सॉफ्टवेअर नंतर

आयबीएममधले जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६४च्या सुमारास एमआरपीची, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगची, पद्धत मांडली. आजच्या जवळपास प्रत्येक उत्पादन-सॉफ्टवेअरच्या पोटात तोच हिशोब चालतो: किती वस्तू हव्यात, त्यांना कोणते भाग लागतात, त्यातले किती हातात आहेत, किती येणार आहेत, आणि उरलेले कधी मागवायला हवेत. हिशोब साधा आहे. त्यात घातलेले आकडे चुकले, तर उत्तर तितक्याच वेगाने चुकतं.

समजा, एका वस्तूला १० भाग लागतात आणि तुमच्या स्टॉकच्या १०० पैकी ९० नोंदी बरोबर आहेत. ऐकायला ९० टक्के बरं वाटतं. पण चुका एकमेकींशी संबंधित नाहीत असं धरलं, तर दहाच्या दहा भागांची नोंद बरोबर असण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के येते. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन वेळा जुळणीच्या वेळी काहीतरी कमी पडण्याची भीती. हीच अचूकता ९८ टक्क्यांवर नेली, तर शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास जाते. या क्षेत्रात फार पूर्वीपासून मानलेला निकष असा: स्टॉकची नोंद किमान ९५ टक्के आणि बीओएम किमान ९८ टक्के अचूक.

आपलं कुठे आहे ते एका दिवसात कळतं. स्टोअरमधले १०० आयटम चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा, प्रत्यक्ष मोजा, नोंदीशी ताडून बघा. मग पाच वस्तूंचा बीओएम घेऊन जुळणी करणाऱ्या कामगारापाशी बसा आणि कागदावर नसलेलं तो काय वापरतो ते विचारा. स्टोअर उघडं असेल आणि कोणीही माल उचलून नेत असेल, तर आधी त्याला दार आणि जबाबदार माणूस द्या. हे सॉफ्टवेअर करून देणार नाही.

कोणत्या नावाखाली काय विकलं जातं

ईआरपी हे नाव गार्टनर या संशोधन संस्थेने १९९०मध्ये रूढ केलं. त्यात खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच डेटावर चालतात. एमईएस शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनपाशी, काम करतं: आत्ता कोणत्या मशीनवर काय चाललंय, किती झालं, किती रिजेक्ट झालं. सीआरएम ग्राहकाची चौकशी, कोटेशन आणि तक्रार सांभाळतं. लहान किंवा मध्यम कारखान्याला बहुधा उत्पादनाची बाजू भक्कम असलेलं ईआरपी पुरतं. नुसतं सीआरएम घेऊन ग्राहकसेवा सुधारेल या आशेवर राहू नका. शॉप फ्लोअरची खरी स्थिती त्यात दिसत नसेल, तर ग्राहकाला गोड शब्दांत चुकीची तारीखच मिळेल.

डेमो तुमच्या ऑर्डरींवर घ्या

विक्रेत्याचा ठरलेला डेमो नेहमी सुरळीत चालतो, कारण त्यातली ऑर्डर कधी बदलत नाही आणि माल कधी कमी येत नाही. त्याऐवजी तुमच्या एका वस्तूचा बीओएम, कामाचे टप्पे, मशीनचे तास आणि उशिरा गेलेल्या तीन-चार ऑर्डरी आधीच पाठवा. डेमोत नेमकं काय करून दाखवायचं ते लिहून द्या. अडचणीचे प्रसंग मुद्दाम घाला: अर्धा माल आज, अर्धा पुढच्या आठवड्यात पाठवायचाय. काम चालू असताना ग्राहकाने नग वाढवले. बाहेर प्लेटिंगला दिलेला माल कमी परत आला. रिवर्क, म्हणजे नापास नगांची दुरुस्ती, करायचंय. ठरलेलं मटेरियल नाही, पर्यायी वापरायचंय.

तारखेची परीक्षा आकड्यांनीच घ्या. समजा, तयार स्टॉक ३०० आहे आणि त्यातले २२० दुसऱ्या ऑर्डरींना दिलेले. गुरुवारी २०० ची बॅच येणार आहे आणि तिच्यातले १५० आधीच कबूल झालेत. आता नवा ग्राहक १२० मागतो. चांगल्या सॉफ्टवेअरने लगेच सांगायला हवं: आज ८० देता येतील, उरलेले ४० गुरुवारी. ते ‘स्टॉक ३००’ एवढंच दाखवत असेल, तर विक्रीवाला १२० कबूल करून बसेल आणि दुसऱ्या कुठल्यातरी ग्राहकाचा माल अडकेल.

क्षमतेचंही तसंच. एखादं मशीन दिवसाला १६ तास चालतं. त्यावर एकाच दिवशी २६ तासांचं काम टाकून बघा. बरीच सॉफ्टवेअर तक्रार न करता ते मान्य करतात, कारण ती मशीनची क्षमता अमर्याद धरतात. ऑर्डरप्रमाणे माल बनवणाऱ्यांनी ही गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. जास्तीचं काम आपोआप पुढे सरकतं का आणि त्या ऑर्डरची तारीख बदलल्याचं विक्री विभागाला दिसतं का, हे डोळ्यांनी बघा.

डेमोला सुपरवायझर, स्टोअरकीपर आणि ग्राहकांचे फोन घेणारी व्यक्ती हजर हवी, आणि माउस त्यांच्या हातात द्या. शिफ्ट संपताना केलेल्या नगांची नोंद मिनिटभरात होत नसेल, तर ती दुसऱ्या दिवशी होईल, नंतर आठवड्याने होईल, आणि मग कोणतीच तारीख खरी राहणार नाही. पडद्यावरची अक्षरं कामगाराच्या भाषेत दिसतात का, तेही विचारा.

माल गेल्यानंतरचं

विकलेल्या मालाबद्दल तक्रार आली की बॅच किंवा सीरियल नंबरवरून दोन्ही दिशांना माग काढता यायला हवा. मागे, म्हणजे कोणत्या पुरवठादाराचा कोणता लॉट वापरला, कोणत्या मशीनवर, तपासणीचे आकडे काय होते. पुढे, म्हणजे त्याच लॉटमधला माल आणखी कोणाकोणाला गेला. हे काही मिनिटांत समजलं, तर मोजक्या ग्राहकांना स्वतःहून फोन करता येतो. नाही समजलं, तर सगळा माल परत बोलवायची वेळ येते. डेमोत एक खोटी तक्रार देऊन घड्याळ लावा.

खर्च आणि करार

लायसन्सची किंमत हा खर्चाचा एक भाग. जुना डेटा भरणं, प्रशिक्षण, बदल करून घेणं, वार्षिक देखभाल, वाढीव युजर, शिवाय तुमच्या माणसांचे तास, हे सगळं पाच वर्षांसाठी मांडा आणि मगच तुलना करा. करारात हे लिहून घ्या: डेटा तुमचा आहे, तो वापरता येईल अशा स्वरूपात कधीही बाहेर काढता येईल, आणि अडचण आली तर किती वेळात उत्तर मिळेल. खास तुमच्यासाठी करून घेतलेले बदल कमीत कमी ठेवा. नवी आवृत्ती आली की ते पुन्हा तपासावे लागतात. तुमच्यासारखंच उत्पादन करणाऱ्या एखाद्या जुन्या ग्राहकाचा कारखाना बघायला मागा, आणि तिथे मालकाआधी स्टोअरकीपरशी बोला.

सुरू कधी करायचं

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९च्या जुलैमध्ये नवी यंत्रणा सुरू केली. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदमच, चार वर्षांचं काम ३० महिन्यांत दाबून, आणि तेही हॅलोविनच्या ऑर्डरींचा हंगाम तोंडावर असताना. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोहोचल्या नाहीत.

म्हणून मंदीचा काळ निवडा. एक लाइन किंवा एक उत्पादन घेऊन सुरुवात करा, तिथला स्टॉक सुरू करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्यक्ष मोजा. जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवायची असेल, तर जुनी बंद होण्याची तारीख आधी जाहीर करा, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट नोंदी राहतात.

सॉफ्टवेअर सुरू होण्याआधी, फक्त उशिरा गेलेल्या नव्हे तर अलीकडच्या सगळ्या ऑर्डरींवरून, तीन आकडे लिहून ठेवा: कबूल तारखेला पूर्ण गेलेल्या ऑर्डरींचं प्रमाण, ऑर्डरपासून डिस्पॅचपर्यंतचे दिवस, आणि ग्राहकाला उत्तर द्यायला लागणारा वेळ. सहा महिन्यांनी ते पुन्हा मोजा. त्याच वेळी कोणाकोणाच्या कॉम्प्युटरवर अजून खासगी एक्सेल चालू आहे ते शोधा. त्यांना रागवू नका. ते शीट उघडून बघा, कारण सॉफ्टवेअरमध्ये काय कमी आहे ते त्यात लिहिलेलं सापडेल, आणि विक्रेत्याशी पुढची बैठक त्याच शीटवर घेता येईल.