जुनी डेकवाली टूरिंग कनू: घेताना, तयार करताना आणि पुढे विकताना

डेकवाली टूरिंग कनू म्हणजे पुढून आणि मागून वरून झाकलेली, मधे बसायला लांबट उघडी जागा (कॉकपिट) असलेली होडी; वरचा झाकलेला भाग म्हणजे डेक. सीट दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायच्या कायाकपेक्षा उंच, वल्हं बहुतेक वेळा एकाच पात्याचं आणि दिशा धरायला पायाने चालणारा रडर, म्हणजे मागचं सुकाणू. मोठे तलाव, किनारा, उघड्यावरचा वारा आणि आठवडाभराचं सामान यासाठी ही होडी आहे, नुसतं संध्याकाळी चक्कर मारायची असेल तर साधी उघडी कनू जास्त सोयीची. अशा होड्या कधीच ढिगाने बनल्या नाहीत, त्यामुळे जुनीच मिळायची शक्यता जास्त आणि म्हणूनच जुनी कशी पारखायची ते माहीत असायला हवं.

शोधायला लागलात की एक नाव सारखं कानावर येईल, अमेरिकेतल्या मिशिगनचे कनू बनवणारे आणि वल्हवणारे व्हर्लन क्रूगर. १९८० ते १९८३ या काळात त्यांनी स्टीव्ह लँडिकसोबत कनूने उत्तर अमेरिका पालथी घातली, साधारण २८,००० मैल म्हणजे ४५,००० किलोमीटर, आणि त्या प्रवासासाठी त्यांनी लून ही कनू काढली. नंतर मोनार्क आली, मग सी विंड, आणि १९८६ ते १९८९ मधे ते व्हॅलेरी फॉन्ससोबत आर्क्टिकपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नपर्यंत कनूने गेले. हे सगळं सांगायचं कारण असं की वरखाली आणि पुढेमागे सरकणारी सीट, पायाचा रडर, कॉकपिटवर बटणांनी बसणारं कापडी कव्हर या गोष्टी अशा लांबच्या प्रवासांच्या गरजेतून आल्यात, शोभेला लावलेल्या नाहीत. त्या नसतील तर ती होडी अर्धीच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी सुटे भाग बघा, हल म्हणजे होडीचं खालचं मुख्य अंग नंतर. लोक उलट करतात. तळावर चार ओरखडे दिसले की नाक मुरडतात आणि चकचकीत तळ दिसला की रडर नसलेली होडी उचलून आणतात. ओरखडा, तडा, अगदी छोटं भोक सुद्धा फायबरग्लास कापड आणि इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) दुरुस्त होतं, पण बंद झालेल्या मॉडेलचा रडर, त्याचा ब्रॅकेट, पेडल, सीटची रेल आणि मूळ मापाचं कव्हर शोधता शोधता एक अख्खा सीझन निघून जातो. विकणाऱ्याला पहिल्याच बोलण्यात विचारा की कव्हर आहे का, रडर खाली-वर होतो का, सीट सगळ्या खाचांमधे सरकते का, आणि कव्हर लावलेल्या अवस्थेतला फोटो मागा.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा घाई नको, उजेड असताना जा. होडी उलटी करून एका टोकाकडून डोळा लावून तळाची मधली रेष बघा, मधेच वर उचललेली किंवा दबलेली दिसली तर ती वर्षानुवर्षं चुकीच्या आधारावर पडून होती असं समजायचं. मग नाण्याने टकटक करत पूर्ण तळ फिरा, आवाज टणटणीत असेल तर ठीक, कुठे एकदम बोदा झाला तर आतले थर सुटलेत. जेलकोटवरच्या (बाहेरच्या कडक रंगीत थरावरच्या) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, पण त्याच जागी आतून हात फिरवा आणि कापडाचे धागे तुटलेत का बघा, आतून पांढरा डाग किंवा चीर असेल तर ती मार लागल्याची खूण. केव्हलर या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाची असेल आणि वरून रंगाचा थर नसेल तर उन्हाने गडद पिवळी पडते, थोडं चालतं, पण धागे पिंजलेले नकोत.

डेकवाल्या होडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते डेक आणि हलच्या जोडाकडे. मालकाची परवानगी घेऊन आत दोन बादल्या पाणी टाका, होडी एका बाजूला कलती करा आणि जोडावरून बाहेर थेंब येतात का बघा, मग दुसऱ्या बाजूला. आत पाणी न शिरणारे बंद कप्पे असतील तर त्यांच्या भिंतींची कड पण तशीच तपासा. रडरची केबल कपड्यातून ओढून बघा, कपडा अडकला की तारा तुटायला लागल्यात. केबल बदलणं सोपं आहे, पण वाकलेला ब्रॅकेट वेगळी गोष्ट.

कागदाचं थोडक्यात. अमेरिकेत बनलेल्या होडीवर मागच्या टोकाला उजव्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा हल नंबर असतो, १९८४ नंतरच्या नंबरात शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तो पावतीवर लिहून घ्या. नोंदणीचे नियम तिथे राज्यागणिक वेगळे आहेत, ओहायो आणि मिनेसोटात वल्ह्याच्या कनूची पण नोंदणी लागते, तेव्हा आधीच्या मालकाचे कागद मागा.

आता घरी आणल्यावर. पहिल्यांदा काहीही न बदलता पाण्यात काढा, सामानासकट आणि सामानाशिवाय. सीट सगळ्यात खालच्या खाचेत ठेवून सुरू करा, होडी स्थिर वाटेल, सवय झाली की वर घ्या म्हणजे वल्ह्याला जोर येतो. रिकामी होडी वाऱ्यात नाचते, अशा वेळी पाण्याने भरलेल्या दोन पिशव्या तळाशी मधे बांधून ठेवल्या की फरक लगेच कळतो. जड सामान नेहमी तळाशी आणि सीटच्या जवळ, टोकांना हलकं, आणि सगळं बांधलेलं. दांड्याला साधारण १२ अंशांचा बाक असलेलं वल्हं या होडीला फार छान बसतं, काही फटके डावीकडे, काही उजवीकडे आणि मधली सरळ रेष रडर सांभाळतो.

भोकं पाडायचा मोह आवरा! डेकवर दोऱ्या, होकायंत्र, नकाशाची पिशवी हे सगळं हवंच, पण आधी आहेत त्या बोल्टवर काय बसतंय ते बघा, आतल्या बाजूला गोंदाने चिकटणारे डी-रिंगचे (दोरी ओवायच्या डी आकाराच्या कडीचे) पॅच लावा. भोक पाडावंच लागलं तर पाण्याच्या रेषेच्या बरंच वर, स्टेनलेसचा बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि मरीन सीलंट. उघडलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा, पुढच्या मालकाला तो लागणार आहे. केव्हलरला पॅच लावताना इपॉक्सीच वापरा, पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही, आणि इपॉक्सीवर जेलकोट न लावता रंग द्या.

कव्हर लावून निघायच्या आधी किनाऱ्याजवळ उथळ, कोमट पाण्यात लाइफ जॅकेट घालून, सोबत कोणीतरी असताना मुद्दाम होडी उलटवा आणि बाहेर या. कव्हर ओढायचा पट्टा बाहेर राहतोय याची प्रत्येक वेळी खात्री करा. कॉकपिट मोठं आहे म्हणजे आत पाणी पण भरपूर शिरतं, त्यामुळे दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या आणि हाताशी पंप हवाच.

ठेवताना उलटी, रुंद पट्ट्यांवर, सावलीत, कप्प्यांची झाकणं थोडी सैल. एका तलावातून दुसरीकडे नेताना पूर्ण रिकामी करून वाळवा, डेकखाली राहिलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांसारखे जीव सहज पसरतात.

विकायची वेळ आली तर वसंत ऋतू बरा, लोक तेव्हाच सीझनचं ठरवतात. मूळ भाग परत बसवा. खोटी चमक आणू नका, धुवा आणि उलट्या तळाचे फोटो तिरप्या उजेडात काढा म्हणजे ओरखडे आहेत तसे दिसतील. वजन जुन्या माहितीपत्रकातलं लिहू नका, होडी उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा, दुरुस्त्यांनी होडी जड झालेली असते. प्रत्येक पॅच कुठे, कधी आणि कशाने केला ते सांगा. घेणारा बहुतेक लांबून येणार, त्यामुळे त्याला फोनवरच सगळं कळलं पाहिजे, आणि आल्यावर पाण्यात चालवून बघायला द्या. पूर्ण पैसे हातात आल्याशिवाय होडी द्यायची नाही, जास्त रक्कम पाठवून उरलेली परत मागणारा भेटला तर तिथेच बोलणं थांबवा. नेताना सुट्या भागांचा डबा, उरलेला रंग आणि कव्हर कुठल्या बटणापासून लावायला सुरुवात करायची हे दाखवून द्या.