देखरेखीचे अ‍ॅप्लिकेशन उभारताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याचे ऑर्डर नोंदवण्याचे वेब अ‍ॅप्लिकेशन मी सांभाळतो. त्याच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा मी सुरुवातीला त्याच सर्व्हरवर बसवली होती. एका दुपारी वीज गेली, थोड्या वेळाने यूपीएसही उतरला आणि दोन्ही एकदमच बंद पडले; बिघाड आम्हाला कळला तो व्यापाऱ्याच्या फोनवरून. म्हणून देखरेखीसाठी यंत्र वेगळेच घ्यावे, आणि त्याची जागा, वीज व इंटरनेट जोडणीही वेगळी असावी.

त्या यंत्रावर आकडे गोळा करणारे प्रोमिथियस आणि त्या आकड्यांचे आलेख दाखवणारे ग्राफाना ही दोन मुक्त-स्रोत अ‍ॅप्लिकेशन्स बसवावीत. प्रोमिथियस ठरावीक अंतराने आपल्या अ‍ॅप्लिकेशनच्या 'मेट्रिक्स' या पत्त्यावर जाऊन आकडे स्वतः उचलून आणते, आणि तिथून उत्तर आले नाही तर 'अप' या नोंदीत 1 ऐवजी 0 लिहिते. हा पत्ता अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रोमिथियसची क्लायंट लायब्ररी, म्हणजे आकडे मोजून मांडणारा तयार कोड, जोडून तयार करावा लागतो. तो सर्वांना उघडा ठेवू नये. फायरवॉलमध्ये केवळ देखरेखीच्या यंत्राला वाट द्यावी. सर्व्हरची मेमरी व डिस्क पाहण्यासाठी त्या सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर हा छोटा प्रोग्राम बसवावा, तो 9100 या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांकित दारावर) चालतो. प्रोमिथियसचे आकडे उचलण्याचे मूळ अंतर 1 मिनिटाचे असते, मी ते 15 सेकंद ठेवतो. नोंदी मुळात 15 दिवसच टिकतात, त्यामुळे मागच्या महिन्याशी तुलना करायची असल्यास ही मुदत आधीच वाढवून घ्यावी. ग्राफाना 3000 पोर्टवर उघडते. पहिल्या प्रवेशानंतर लगेच पासवर्ड बदलावा.

आलेख काढताना सरासरीवर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगतो. समजा 100 विनंत्यांपैकी 94 विनंत्यांना 0.2 सेकंद लागले आणि 6 विनंत्यांना 8 सेकंद. तर सरासरी 0.67 सेकंदांच्या आसपास येते व सारे ठीक भासते, पण ऑर्डरचे बटण दाबून आठ सेकंद ताटकळलेली ती सहा माणसे त्यात दिसतच नाहीत. 95 वा शतमक, म्हणजे 100 पैकी 95 विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात तो आकडा, पाहिला तर तो 8 सेकंदांवर जातो. त्यासाठी प्रतिसादाचा वेळ हिस्टोग्राम प्रकारात, म्हणजे वेळेचे कप्पे पाडून प्रत्येकात किती विनंत्या बसल्या ते मोजून, नोंदवावा, आणि त्याचे कप्पे आपल्या कामाच्या वेगानुसार ठरवावेत, कारण शतमकाचा अंदाज त्या कप्प्यांवरूनच निघतो.

इशारे मोजकेच असावेत. रोज वाजणाऱ्या इशाऱ्याकडे चौथ्या दिवशी कोणी पाहत नाही. 'अप' सलग 2 मिनिटे 0 राहिले, 95 वा शतमक ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला किंवा डिस्क भरत आली, एवढ्यासाठीच अलर्टमॅनेजरने, म्हणजे प्रोमिथियसचे इशारे फोनपर्यंत पोहोचवणाऱ्या जोड-प्रोग्रामने, संदेश पाठवावा. सर्व जोडणी झाल्यावर कामाचा जोर नसलेल्या वेळी, कारखान्यात आधी सांगून, अ‍ॅप्लिकेशन मुद्दाम बंद करावे आणि फोन हातात घेऊन बसावे. साधारण तीन मिनिटांत संदेश आला नाही, तर यंत्रणा अजून उभी राहिलेली नाही असे समजून जोडणी पुन्हा तपासावी.