जुना फिश टँक उभा करून गेकोसाठी पेटी कशी करावी

बाजारात सहज मिळणारा २४×१२×१२ इंची टँक उभा केला, तर त्यात क्रेस्टेड गेको या झाडावर राहणाऱ्या परदेशी पालीच्या पिल्लापुरतीच जागा होते. पूर्ण वाढलेल्या गेकोला १८×१८ इंचांचा तळ आणि २४ इंच उंची हवी, म्हणून मूळ टँक २४×१८×१८ इंचांचाच शोधावा. (घोरपड किंवा धामण पाळण्याचा विचार असेल, तर तो इथेच सोडावा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.)

टँक धुऊन, आखूड बाजूवर उभा करून, खाली थर्माकोलचा सपाट तुकडा ठेवावा. टँकचे उघडे तोंड आता समोर येते, आणि खरे काम तिथेच असते.

या तोंडाच्या तळाशी चार इंच उंचीची आडवी पट्टी बसवावी लागते. ती नसेल तर माती आणि तिच्यात मुरलेले पाणी दार उघडताच बाहेर येते. पट्टी ॲक्रिलिकची घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो, कारण ते घरच्या घरी कापता येते. मीही तो ऐकला. ॲक्रिलिकला सिलिकॉन धड धरत नाही. महिन्याभरात एका कोपऱ्यातून पाणी झिरपले आणि खालचे प्लायवूडचे कपाट फुगले. त्यापेक्षा काच कापून देणाऱ्या दुकानातून (नागपुरात ती इतवारीत आहेत) पाच मिलिमीटरची साधी काच कडा घासून आणावी, आणि माप देताना दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर सोडावा, कारण सिलिकॉनच्या थरालाही जागा लागते.

दुसऱ्यांदा काच घेतली, तरी पट्टी हलली. मे महिना होता, आणि लवकर वाळावे म्हणून मी पेटी गच्चीवर ठेवली होती. सिलिकॉन उन्हाने वाळत नाही, ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत वर साय धरते आणि आतला भाग मऊच राहतो, त्यामुळे ट्यूबवर छापलेल्या २४ तासांवर इथे भरवसा ठेवू नये. हे काम मी आता पावसाळ्यात करतो. उन्हाळ्यात करणे भागच पडले, तर पेटी कूलर चालू असलेल्या खोलीत आठवडाभर राहू द्यावी आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास पूर्ण गेल्याशिवाय आत काहीही भरू नये. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही, म्हणून सांध्याची जागा आधी ब्लेडने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. बाथरूमसाठीचे बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

पट्टीच्या वर दोन इंच स्टीलची बारीक जाळी, मग १५ इंचांचे दार आणि सर्वांत वर पुन्हा तीन इंच जाळी, अशी ॲल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांमध्ये, रचना करावी. गरम हवा वरच्या जाळीतून निघते आणि ताजी खालून ओढली जाते. एकच जाळी ठेवली, तर आत कोंदटपणा येऊन बुरशी धरते. दारही काचेचेच हवे, कारण आतून दमट आणि बाहेरून कोरडे राहणारे ॲक्रिलिक काही महिन्यांत वाकते, आणि गेकोला तेवढी फट पुरते. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लावायचा असेल, तर तो वरच्या काचेवर ठेवू नये. ते किरण काचेतून जात नाहीत.

आत तळाला गोटे, त्यावर नायलॉनची जाळी, मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उभ्या फांद्या आणि मनीप्लांट.

आता तापमान. क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनियाच्या बेटांवरचा प्राणी आहे. त्याला २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते आणि २८च्या वर फार काळ राहिल्यास त्याच्या जिवावर बेतते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत, बाहेर ४५ अंश असताना कूलर खोलीला तिथवर आणू शकत नाही, एसीच लागतो. ज्यांची तो दिवसभर चालवण्याची तयारी नाही, त्यांनी या पेटीत झाडेच लावावीत.