शेंगा-दूध बंद असलेल्या लेकराची वाढ: तपासणीला जाण्याआधीची तयारी

लेकराला शेंगांची, म्हणजे शेंगदाण्यांची, ॲलर्जी निघाली की सोलापूरच्या घरात पहिल्यांदा चटणीचा डबा वरच्या फळीवर जातो. ते योग्यच आहे. पण आपल्याकडं शेंगा नुसत्या चटणीत नसतात. वांग्याच्या भाजीत कूट असतो, आमटी कुटानं दाट करतात, संक्रांतीला शेंगापोळी होते, हुरड्याबरोबर चटणी येतेच. शंभर ग्रॅम दाण्यांत पाचशेच्या वर कॅलरी आणि साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. हे सगळं ताटातून निघाल्यावर त्या जागी काही आलं नाही, तर पोर पोटभर जेवूनही उपाशी राहतं. दूध बंद असलेल्या किंवा एकाहून जास्त पदार्थ बंद असलेल्या मुलांची उंची मागं पडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडं किंवा आहारतज्ज्ञांकडं जाण्याआधी वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडं काय बंद केलं, उजवीकडं त्याच्या बदल्यात काय सुरू केलं. उजवी बाजू जिथं कोरी राहील, ते सगळ्यात आधी डॉक्टरांना दाखवा.

लसीकरणाचं कार्ड आणि अंगणवाडीतली वजनाची नोंद दोन्ही पिशवीत टाका. एका दिवसाच्या वजनावरून काही ठरत नाही, वाढीची रेघ कुठून कुठं गेली ते बघावं लागतं. साधारणपणे पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल जन्मवजनाच्या तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात बारा सेंटीमीटरच्या आसपास वाढतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात, नंतर उभं करून. एकदा आडवं आणि एकदा उभं मोजलं तर सात-आठ मिलिमीटरचा फरक नुसत्या पद्धतीनंच पडतो, म्हणून नोंदीशेजारी तेही लिहा. आई-बाबांची उंचीही सांगता आली पाहिजे.

त्यानंतर तीन दिवसांचं खाणं लिहा, त्यात एक सुट्टीचा दिवस धरा. ‘वरण-भात खाल्ला’ एवढ्यानं भागत नाही. कोणत्या वाटीनं, किती, वर तूप की तेल, किती उरलं, हे हवं. तूप दुधाचंच आहे, त्यात दुधाची प्रथिनं राहू शकतात, त्यामुळे दूध बंद असेल तर ते वेगळं लिहा. आजीनं हातावर ठेवलेला लाडू आणि शेजारच्या काकूंकडं खाल्लेला बिस्किटाचा तुकडाही यायला हवा. आजीला विचारताना आवाज चढवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. बाळ अंगावर पीत असेल तर आई काय खाते तेही लिहा.

तेलाचं नीट बघा. लाकडी घाण्याच्या शेंगतेलात दाण्याची प्रथिनं राहतात, त्यामुळे शेंगांची ॲलर्जी असलेल्या मुलाला ते चालणारं नाही. पण तेलच कमी करू नका. करडई, सूर्यफूल असं जे सोसतं ते तेल जेवणात हवंच. लहान पोटात कॅलरी बसवायचा तो सोपा मार्ग आहे. पुड्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढा. आपल्याकडच्या लेबलच्या नियमात दूध, अंडं, शेंगदाणे, सोयाबीन, मासे, गहू यांची ॲलर्जीची सूचना छापावी लागते, पण त्या यादीत तीळ नाहीत. तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते.

दुधाबद्दल घरी बरंच काही सुचवलं जातं. शेळीचं द्या, म्हशीचं द्या, म्हणतात. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना त्या दुधाचाही त्रास होतो. लॅक्टोज (दुधातली साखर) काढलेल्या दुधात प्रथिनं तशीच असतात, त्यामुळे तेही उपयोगाचं नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास असतं खरं, पण लेकरू दिवसाला वीस-तीस ग्रॅम पीठ खातं, म्हणजे सत्तर ते शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. नाचणी सुरू केली म्हणून दुधाची जागा भरली असं धरू नका. बाळाला कोणता फॉर्म्युला (डब्यातली दुधाची पावडर), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. भाताचं किंवा बदामाचं दूध बाळाचं मुख्य दूध म्हणून सुरू करू नका, त्यात प्रथिनं फारच कमी असतात.

त्रास झाला असेल तर काय खाल्लं, किती, किती मिनिटांनी काय झालं, एवढं लिहा आणि पुरळाचा फोटो ठेवा. ॲलर्जीसाठी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट असेल तर न्या, पण त्यात आकडा वर आला म्हणून जे पदार्थ मूल बिनत्रास खातंय ते स्वतःच्या मनानं बंद करू नका. मला याची सर्वात जास्त काळजी वाटते. शेंगांची ॲलर्जी म्हणून घाबरून तूर, मूग सगळ्या डाळी बंद केल्या, तर ताटात प्रथिनं उरतात तरी कुठं? त्वचेची चाचणी ठरली असेल तर सर्दी-खाजेचं कोणतं औषध चालू आहे ते आधी फोनवर सांगा, काही औषधं त्याआधी थांबवावी लागतात.

अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडून येणाऱ्यांनी दिवसभराचं खाणं घरूनच बांधून आणावं. स्टँडवर काही घेण्याच्या भरवशावर राहू नये. ज्वारीची मऊ भाकरी, मुगाची खिचडी, केळं, यांतलं जे मुलाला चालतं ते. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सोलापूरच्या यात्रेच्या, दिवसांत तारीख असेल तर तिळगूळ हातात पडण्याआधी बरोबरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

विचारायचे प्रश्नही कागदावर असू द्या. वजनाची रेघ खाली येतेय का? बंद केलेला पदार्थ परत कधी तपासायचा? दूध आणि अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते, पण ती गेली का हे घरी थोडं चाटवून बघायचं नसतं, दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बघतात. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, पोर गळून गेलं तर काय करायचं, ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन मांडीत किती द्यायचं आणि ते कुणी द्यायचं, हे लिहून घेतल्याशिवाय उठू नका. त्या चिठ्ठीची एक प्रत अंगणवाडी सेविकेकडं, एक आजीकडं द्या. वर 108 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहा.